उजवा कौल

भवानीचा गोंधळ घालणं हे मल्हाररावांच्या घराण्याचं पिढीजात काम. बंगळुरातल्या जुन्या मराठी घरात लग्न ठरलं, की बसवनगुडीला त्यांच्याकडे निरोप यायचाच. पण तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि मल्हाररावांची वाचाच गेली. तोंडात एक शब्द तेवढा उरला, 'सरी', कन्नडमधलं 'बरं'. भूक लागली तरी सरी, संताप आला तरी सरी.

तेव्हा त्यांची बायको सकवारबाई देवीला कौल लावून आली होती. "आमच्या श्रीविद्याच्या लग्नात हे तुझा गोंधळ घालतील का, एवढंच सांग," असं तिनं विचारलं आणि मूर्तीवर लावलेलं फूल उजवीकडे पडलं. उजवा कौल म्हणजे देवीचा होकार. त्या आनंदात तिनं गल्लीभर पेढे वाटले.

पुढे दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी खूप खटपट केली आणि शेवटी म्हणाल्या, "आता याहून फार सुधारणा व्हायची नाही." सकवारबाईनं कौलाचं नाव काढणं सोडून दिलं. हळूहळू तिच्या मनातूनही तो गेला.

श्रीविद्याचं लग्न ठरलं. आदल्या संध्याकाळी कार्यालयात चौक मांडला, घट बसला. गोंधळ धाकटा दीर बसवंत घालणार होता. त्यानं विचारलं, "वहिनी, अण्णांना चौकापाशी बसवू का?"

"नको. मागं पंख्याखाली खुर्ची टाक. लोक उगीच त्यांच्याकडे बघत बसतील."

संबळ वाजू लागला. बसवंत एकेका गावच्या देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावू लागला. चार-पाच देव झाले आणि दिवटीचा धूर घशात जाऊन त्याला जोराचा ठसका लागला. तो पाणी मागतोय तोच मागून मल्हाररावांचा आवाज आला. पुढच्या देवाला हाक घालणारा.

सकवारबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं जुनं गाणं लावलंय, आजच्या दिवशी, त्यांच्या तोंडावर. खडसवायलाच ती वळली.

कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता. मल्हारराव खुर्चीत पुढे झुकून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज फाटका होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट होता. त्यांनी तुळजापूरच्या आईला हाक दिली. संबळवाल्याचे हात जागच्या जागी थांबले. पाण्याचा पेला तोंडाशी धरून बसवंत तसाच उभा राहिला.

भिंत चाचपत सकवारबाई बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर, लोकांच्या चपलांमध्ये बसली. आनंद वगैरे काही झालाच नव्हता. वाटत होती ती भीती. आपल्याला कुणी पाठीमागून हात लावावा आणि वळून बघावं तर ती देवी असावी, तशी.

श्रीविद्या हळदीच्या साडीतच धावत आली. "आई, बाबा गातायत. तू इथं काय करतेस?"

"तिच्या लक्षात होतं गं," सकवारबाई म्हणाली.

"कुणाच्या?"

"मी विसरले होते. पार विसरले. आणि तिच्या लक्षात होतं."

हे बोलता बोलता तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोट धरून हसत होती. श्रीविद्यानं हात धरून तिला आत नेलं. बसवंतनं भावाची खुर्ची आता चौकापाशी आणून ठेवली होती. सकवारबाई सरळ पुढे गेली, तिनं दिराच्या हातातली दिवटी घेतली आणि नाचू लागली. गोंधळ्याची बायको असून ती उभ्या जन्मात चौकात नाचली नव्हती. मल्हारराव तिच्याकडे बघत गात राहिले. आवाज बसला की घोटभर पाणी पीत आणि पुन्हा सुरू करत.

दुसऱ्या दिवशी लग्नात व्याह्यांनी त्यांची विचारपूस केली, तेव्हा मल्हाररावांना 'बरा आहे' एवढंही म्हणता आलं नाही. आजही साधं बोलणं त्यांना जमत नाही. डॉक्टर म्हणतात, गाणं आणि बोलणं मेंदूत वेगवेगळ्या जागी असतं, असं होऊ शकतं. सकवारबाई मान डोलावते. रोज दिवेलागणीला ती संबळ पुढ्यात ठेवते आणि मल्हारराव गातात. शेजारणी कठड्याशी येऊन ऐकत उभ्या राहतात.