भिंतीवरची मनीषा

माघातली सकाळ. चांद्याच्या दक्षिणेकडच्या रानावर कोवळं, केशरी, किंचित थरथरतं ऊन उतरलं होतं. मोहाच्या गळत्या पानांवरून, पिवळ्या पडलेल्या गवताच्या तुऱ्यांवरून ओघळत ते रंगघळीच्या तोंडाशी आलं आणि तिथंच थबकलं. कारण आत जाणारी वाट माणसाच्या खांद्यांहून फार रुंद नव्हती.

दोन्ही अंगांना वालुकाश्माच्या भिंती. तांबूलवर्णी, हरिद्रावर्णी, कुठे गेरूच्या ओल्या पोतेऱ्यासारख्या. कुण्या पुरातन नदीनं कणाकणानं रचलेल्या, कुण्या धाकट्या ओढ्यानं धारेधारेनं चिरलेल्या. वर आकाशाची निळी चिंधी. पावलांखाली मऊ, थंड, रवाळ रेती.

त्या रेतीवरून चौघं चालली होती. पुढे निशिकांत वैरागडे, पाठीवर फुगलेली पिशवी, चेहऱ्यावर लपवता न येणारं हसू. त्याच्यामागे त्याची दहा वर्षांची लेक, शर्वरी. तिच्यामागे त्याची आई सुमित्राबाई, आपल्याच गुडघ्यांवर हात टेकत, दुसऱ्या कुणाचा हात न घेता. आणि सर्वांत मागे, प्रत्येक वळणावर रेंगाळणारी, भिंतीवरून तळवा फिरवणारी त्याची बायको, मनीषा.

लग्नाला आज तेरा वर्षं झाली होती. "आत एक गंमत आहे," एवढंच निशिकांत सकाळपासून सांगत होता.

मनीषा शाळेत भूगोल शिकवायची. वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं काढलेले थर आज तिच्या बोटांखाली होते, सजीव त्वचेसारखे, उबदार नसूनही उबदार वाटणारे. एका ठिकाणी ती थांबली. दगडावर लहरी उमटल्या होत्या. अगदी ओढ्याच्या तळाशी उमटतात तशाच, पण थिजलेल्या.

"शरू, हा नदीचा तळ होता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पाणी गेलं. त्याची चाल तेवढी राहिली."

पुढे, मऊ करड्या थरात, एक पान होतं. जिभेच्या आकाराचं, मधोमध एक नाजूक शीर, शिरेपासून फुटलेली जाळी. दगडाचं पान. शर्वरीनं श्वास रोखला.

"किती जुनं गं, आई?"

"माणूस नव्हता, पाखरू नव्हतं, पृथ्वीवर फूलसुद्धा उमललं नव्हतं, तेव्हाचं."

आणि तिच्या मुखावर असं काही उजळलं की सुमित्राबाई भिंतीकडे न पाहता सुनेकडेच पाहत राहिल्या.

मग वळण आलं. वळणापलीकडे घळ जराशी रुंदावत होती आणि डावीकडची भिंत पानांनी भरून गेली होती. एक नाही, दोन नाही. पानांचा सडा, पानांचा गालिचा, कुण्या आदिम शिशिराची अखंड पानगळ. आणि त्या पानगळीच्या छातीवर, वीतभर उंचीच्या अक्षरांत, बोटभर खोल कोरलेलं:

मनीषा निशिकांत वैरागडे.

शिरोरेषा सरळ होती, ठसठशीत होती. ती सात पानांना आडवी कापत गेली होती.

"बघ!" निशिकांत दोन्ही हात पसरून म्हणाला. "साखरपुडा झाल्यावर महिन्याभरानं मी इथं आलो होतो, दोस्तांबरोबर. मिस्त्रीची छिन्नी-हातोडी आणली होती. अख्खी दुपार लागली, तळहाताला फोड आले! नंतर म्हटलं, पोरगी मोठी झाली, वाचायला लागली की सगळ्यांना एकदमच दाखवू. जा, नावाखाली उभी राहा. फोटो काढतो."

ती उभी राहिली नाही. ती वाचत राहिली. पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. पुन्हा पहिल्यावर आली. तीन शब्द होते, आणि त्या तिन्हींत ती कुठंच नव्हती.

"साखरपुड्यानंतर महिन्याभरानं?" तिनं विचारलं.

"हो. तीच तर गंमत!"

तिला लग्नातलं ते ताट आठवलं. तांदळाचं, चांदीच्या काठाचं. हळदीच्या बोटांत धरलेली सोन्याची अंगठी. तांदळात उमटलेली तीन अक्षरं, पेढे वाटणारे हात, 'छान आहे हो नाव' म्हणणाऱ्या बायका. आणि त्याच्या आठ दिवस आधीचा फोन. लाजत लाजत, शब्द गिळत गिळत तिनं विचारलं होतं, माझं नाव माझ्या बाबांनी ठेवलंय, तेच राहिलं तर चालेल का? आणि पलीकडून मधाळ आवाज आला होता: बघू या ना.

बघू या ना. तेव्हा दगड कोरून झाला होता.

संताप एकदम येत नाही. तो आधी पायांच्या तळव्यांत येतो, थंड रेतीत. मग पोटऱ्यांत, मग पोटात, मग कंठात. आणि कंठाशी आला की त्याचा रंग बदलतो. तेरा वर्षं जे केवळ उदास होतं, राखाडी होतं, निमूट होतं, ते त्या क्षणी रक्तवर्णी झालं, भिंतीहून रक्तवर्णी.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही 'बघू या' म्हणालात."

"अगं, तेव्हा... सरप्राइज होतं ते."

"माझ्या नावाचं सरप्राइज? मलाच?" तिचा आवाज चढला, आणि अरुंद भिंतींमध्ये त्याला चढण्यावाचून दुसरी वाट नव्हती. "माझ्या बीएडच्या प्रमाणपत्रावर वेगळं नाव आहे. दर अर्जाला लग्नाचा दाखला जोडते मी, मीच मी आहे हे सांगायला. तेरा वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला सुचलं ते लिहिलंत, गडबडीत राहून गेलं. राहून नव्हतं गेलं. तुम्ही ठरवून आला होतात. आणि ही पानं! ही कुणाच्या बापाची होती? यांनाही नाही विचारलंत, मलाही नाही विचारलंत!"

निशिकांतचं हसू चेहऱ्यावरच राहिलं होतं, काढायला विसरलेल्या मुंडावळ्यांसारखं. "प्रेमानं केलं गं मी," तो म्हणाला. ते खरं होतं. म्हणूनच ते अधिक लागलं.

त्यानं खाली वाकून एक गोटा उचलला आणि भिंतीकडे धावला. "थांब, पुसून टाकतो. घासून टाकतो सगळं." पहिल्या घावासरशी तांबडा चुरा उडाला, आठव्या पानाची कड ढासळली.

तिनं त्याचं मनगट धरलं. "ठेवा तो दगड. एका अपराधावर दुसरा नको. राहू दे तिला इथंच, त्या मनीषाला. तुम्हीच केलीत, तुम्हीच सांभाळा. मी ती नाही."

शर्वरी दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. "मग तू कोण आहेस?"

आई गुडघ्यांवर बसली, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर आली. "कालिंदी," ती म्हणाली. आणि किती वर्षांनी जिभेवर आलेल्या त्या शब्दानं तिचे डोळे भरले, पण संताप विझला नाही. पाण्यातून तो अधिकच लखलखू लागला.

वरून एक पोपटांचा थवा त्या निळ्या चिंधीवरून हिरवी रेघ ओढत गेला.

"माहं बकुळा होतं," सुमित्राबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदरानं मान पुसत. स्वर अगदी साधा, भाजीत मीठ कमी झाल्याचं सांगावं तसा.

"काय?" निशिकांत वळला.

"नाव. माहं नाव बकुळा होतं. सुमित्रा तुह्या आजीनं ठेवलं. माही माय जिवंत होती तवर तिनं हाक मारली. ती गेली तवापासून कोणी घेतलंच नाही." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "आता मलेच कोणी त्या नावानं हाक मारली तं मी वळन का नाही, सांगता येत नाही."

बेचाळीस वर्षांचा माणूस आईकडे पाहत उभा राहिला. रोज तिच्या हातचं जेवलेला, तिच्या आजारपणाच्या फायली तोंडपाठ असलेला. आईचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

कालिंदीनं सासूपुढे हात केला. वाटभर कुणाचा हात न घेतलेल्या त्या बाईनं तो घेतला. मधोमध शर्वरी शिरली. तिघी पुढे निघाल्या.

पुढे घळ फारच आवळली होती. तिरकं होऊन, पोट आत ओढून, छातीशी दगड घेऊन सरकावं लागत होतं. आधी शर्वरी गेली, मग बकुळाबाई, मग कालिंदी. निशिकांत शेवटी आला आणि अर्ध्यावर अडकला. पिशवी भिंतीत रुतली. पुढे जाता येईना, मागे सरता येईना.

"मनीषा!" त्यानं हाक मारली. "मनीषा, जरा पिशवी ओढ ना!"

पुढची पावलं थांबली नाहीत. रेतीचा रवाळ आवाज दूर जात राहिला.

तो दगडांच्या मुठीत उभा होता. कपाळाला भिंत टेकलेली, ओठांवर शतकांची धूळ. त्याला ते दुसरं नाव उच्चारायचं होतं आणि ते उच्चारता येत नव्हतं. लग्नपत्रिकेवर छापलेलं होतं, तरी त्याच्या तोंडात ते कधी आलंच नव्हतं. पहिल्यांदा नुसताच श्वास निघाला.

"कालिंदी," तो म्हणाला. हळू. मग थोडं मोठ्यानं, "कालिंदी."

पावलं थांबली. परत आली. फटीच्या टोकाशी ती दिसली. मुद्रा कठोर, डोळे धगधगते, केसांत तांबडी रेती. तिनं हात लांबवला, पिशवीचा पट्टा धरला, एका हिसक्यासरशी पिशवी सोडवून घेतली. त्यानं हात पुढे केला होता. तो तिनं धरला नाही.

"या आता," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून चालू लागली.

एवढ्यात सूर्य माथ्यावर आला. उन्हाचा एकच उभा, उघडा, सुवर्णतप्त झोत घळीत कोसळला, आणि इतका वेळ सावलीत मुकी राहिलेली भिंत तळापासून माथ्यापर्यंत पेटली; जास्वंदीसारखी पेटली, अंगारासारखी पेटली. त्या पेटलेल्या पाषाणामधून तिघी जणी ताठ मानेनं चालत राहिल्या, पुढे, आणखी पुढे. आणि मागून येणाऱ्या माणसाला त्या उजेडाकडे डोळे वर करून पाहवत नव्हतं.