खिडकी नंबर तीनचा फोन

“परत सांगा,” औषधांच्या खिडकीतल्या ताई फोनवर म्हणाल्या. “आधी नाव, मग नंबर, मग कोणतं औषध चालत नाही ते.”

मी त्यांच्या मागे स्टुलावर घड्याळ घेऊन बसलो होतो. एक मिनिट वीस सेकंद. वहीत एकोणिसावी रेघ ओढली. सकाळपासून एकोणीस फोन, आणि सगळे फुकट. जे पडद्यावर दिसत होतं, तेच वॉर्डातली सिस्टर सांगत होती.

रुग्णालयाच्या संगणक विभागाचा मी प्रमुख. प्रमुख म्हणजे, हाताखाली एक प्रिंटर आणि रजेवर गेलेला एक सहकारी. नवी यंत्रणा मीच बसवली होती. पेशंटचा नंबर टाकला की त्याला कोणतं औषध सोसत नाही, ते डेटाबेसमधून थेट खिडकीवर दिसायचं. खासगीपणा जपायचा म्हणून नाव दिसत नसे. त्यानंतर ‘खातरजमेसाठी वॉर्डात फोन करू नये’ हे परिपत्रकही माझ्याच हातचं. सगळ्या खिडक्यांनी ऐकलं, तीन नंबरनं ऐकलं नाही. तिथल्या बाईंना सगळं रुग्णालय ‘परत-सांगा ताई’ म्हणायचं. माझ्या वहीतून फोन फुकट ठरले की त्यांना तळघरात खोकी मोजायला पाठवायचं, असं मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं. ताईंची बत्तीस वर्षं या खिडकीवर गेली होती, निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि तळघराचं त्यांना ठाऊक होतं.

“दमला असाल,” त्या मला म्हणाल्या. “चहा मागवू? की त्याचीही वेळ लावणार?”

विसावी चिठ्ठी पेनिसिलिनच्या इंजेक्शनची होती. पडद्यावर ‘ॲलर्जी नाही’. खिडकीबाहेर रांग कुरकुरत होती. ताईंनी फोन उचलला.

“परत सांगा... नाही सिस्टर, केसपेपर राहू दे. तिच्या मनगटावर काय बांधलंय ते बघा.” त्यांनी चिठ्ठी बाजूला सरकवली. “लाल पट्टी? कशाची ॲलर्जी लिहिलीय?... बरं. डॉक्टरांना बोलवा. दुसरं औषध लिहून घ्या, मी थांबते.”

बाटली त्यांनी परत फळीवर ठेवली, लेबल समोर करून. मग माझ्याकडे वळल्या.

“तुमचा पडदा म्हणतो काही नाही. बाईचा हात म्हणतो पेनिसिलिन चालत नाही. कुणाचं धरू?”

माझ्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं होतं.

कारण सापडायला तासभर लागला. आदल्या दिवशी मी यंत्रांचे नेटवर्कवरचे पत्ते बदलले होते. त्या गडबडीत खिडकी तीनची जोडणी सरावाच्या डेटाबेसकडे वळली. नव्या सिस्टर ज्यावर शिकतात तो हा डेटाबेस. नंबर खरे, पेशंट मनानं रचलेले. तिथं सगळ्यांपुढे ‘ॲलर्जी नाही’ असंच होतं, आणि आधीच्या एकोणीस जणांना खरोखरच ॲलर्जी नव्हती, म्हणून ते फोन जुळून गेले. खरं तर आमच्या सॉफ्टवेअरनं तिथंच अडायला हवं होतं. समोरचं यंत्र स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्रच, दाखवतं, ते तपासल्याशिवाय जोडणी होत नाही. पण तपासण्यातच खोट होती. शिक्का खरा आहे का एवढंच ते बघत होतं. सर्टिफिकेटवरचं नाव आपल्याला हव्या त्या यंत्राचं आहे का, हे बघतच नव्हतं. शिक्का तर आमच्या खऱ्या आणि सरावाच्या, दोन्ही यंत्रांवर एकच. चुकून शिरलेलं यंत्र आत आलं, तसा मुद्दाम आलेला चोरही आला असता. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी या खोटीची दुरुस्ती अकरा दिवसांपूर्वीच मेलनं पाठवली होती. मी ती वाचून ‘नंतर’ या कप्प्यात टाकली होती.

सगळ्या खिडक्या तपासल्या. बिघडलेली एकच, तीन नंबर. माझं नशीब म्हणायचं ते एवढंच.

ताईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या गोळ्या मोजत ऐकत होत्या.

“म्हणजे शिक्का बघितला आणि नाव वाचलंच नाही?”

“हो.”

“अशा माणसाला आम्ही पहिल्याच आठवड्यात घरी पाठवतो,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, माझं तोंड बघून असेल, “तुम्हाला नाही म्हटलं. त्या सॉफ्टवेअरला.”

“याआधी कधी असा फोन कामी आला होता?”

त्यांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला पेन्सिलीच्या सात रेघा होत्या.

“बत्तीस वर्षांत सात?” माझ्यातला वहीवाला बोलून गेला.

“सात माणसं आहेत ती,” ताई म्हणाल्या आणि आठवी रेघ ओढली.

माझ्या अहवालात मी वीस फोन लिहिले, मिनिटं लिहिली, मेलची तारीखही लिहिली. साहेबांनी मला अर्धा तास उभं ठेवलं. तळघराचा विषय पुन्हा निघाला नाही. दुरुस्ती त्याच दिवशी बसवली, परिपत्रक माझ्याच हातानं फळ्यावरून काढलं.

पाचव्या दिवशी मी तीन नंबरच्या टेबलामागे संगणकाची वायर जोडत होतो. बाहेर एक बाई घरी जाण्याआधी औषधं घ्यायला उभी होती. मनगटावर लाल पट्टी, तिच्यावर ‘पेनिसिलिन’.

“किती वेळ लावता हो,” ती म्हणाली. “चार गोळ्यांसाठी फोन कशाला? माझी रिक्षा थांबलीय.”

“एकच मिनिट, बाई,” ताई म्हणाल्या. तिला काही सांगितलं नाही त्यांनी. माझ्याकडेही बघितलं नाही.

फोनची वायर आखूड होती. बत्तीस वर्षं त्या प्रत्येक वेळी अर्ध्या उठून तो उचलत होत्या. मी खिशातून नवी वायर काढून जोडली आणि फोन त्यांच्या हाताशी सरकवला.

त्यांनी बसल्या बसल्या तो उचलला. “परत सांगा,” त्या म्हणाल्या. “आधी नाव.”