पाणी आलं आणि माझी विश्रांती गेली

दुपारी साडेतीनच्या सुमारास खोलीतला संगणक एकाएकी बंद पडला. पडदा काळा झाला, पाण्याचा पंप थांबला. मायक्रोफोनसमोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं वाक्य नुकतंच संपलं होतं.

मित्रांनो, बंद पडलो होतो तो मी. मी एक जुना एसएमपीएस आहे, म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी कोपऱ्यात बसवलेला लोखंडी डबा. भिंतीतली वीज घ्यायची, तिला वठणीवर आणायचं आणि ज्याला जेवढी पचेल तेवढी वाढायची, हे माझं काम. जेवणाचं कौतुक सगळे करतात. वाढणाऱ्याला, बाबा रे, तू दमलास का, असं कोणी विचारत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी बसली, जाड कपॅसिटर बसले, वर जाळीचा पंखा आला आणि अंगावर लेबल चिकटलं : साडेपाचशे वॅट. तपासणाऱ्या बाईने मला पूर्ण लोडवर पळवून पाहिलं. "हा दणकट आहे गं," असं ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातलं. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

ज्या घरात मी आलो, तिथली लेक मुलांसाठी बोलकी पुस्तकं तयार करते. सुरुवातीची वर्षं सुखाची होती. मग तिने नवा प्रोसेसर आणला. पुढे विटेएवढं जाडजूड ग्राफिक्स कार्ड आणलं. प्रत्येक वेळी नवरा विचारायचा, "डबा जुनाच ठेवायचा?" आणि ती म्हणायची, "चालतोय की!" चालतोय, या एका शब्दावर माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. माझ्या जाळीवर धूळ बसली, धुळीवर मांजराचे केस बसले. मांजर माझ्याजवळ ऊब घ्यायला यायचं. माझी विचारपूस करणारं घरात तेवढंच एक होतं, आणि तेही स्वार्थी.

तरी माझं निभत होतं. प्रोसेसर आणि कार्ड कामाला जुंपले की तापायचे, आणि फार तापले की आपणहून हळू व्हायचे. हळू झाले की कमी वीज मागायचे. तेवढ्यात मी दम खायचो. त्यांचं तापणं हीच माझी विश्रांती होती.

मग घरावर संकट आलं. लेकीचे बाबा मंडईत फळांचा लिलाव पुकारायचे. आयुष्यभर आवाजावर भाकरी खाल्ली. त्यांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे स्वतःच्या आवाजात बोलता येणार नाही. लेकीने ऐकलं होतं की माणसाचा आवाज संगणकाला शिकवता येतो. पुष्कळ वाक्यं स्वच्छ बोलून घ्यायची, मग बाबा जे टाइप करतील ते संगणक त्यांच्याच आवाजात म्हणेल. शस्त्रक्रिया तोंडावर आली होती. म्हणून एकीकडे बाबा बोलणार आणि त्याच वेळी संगणक शिकत राहणार, असं ठरलं.

पण शिकायला लागला की संगणकाचे पंखे घोंगावायचे.

"बाबा, पुन्हा एकदा म्हणा. पंखा मध्ये आला."

"त्याला म्हणावं, आधी तू बोलून घे. मी थांबतो."

आतल्या खोलीत बसावं तर भिंतीपलीकडे पत्रे कापायचं वर्कशॉप. इकडे आड, तिकडे विहीर, अशी गत.

तोडगा जावयाने काढला. तो फ्रिज दुरुस्त करतो. "पंखे काढू आणि पाण्यावर थंड करू. गार आणि गुपचूप."

"जावईबापू, विजेच्या पेटीत पाणी सोडताय?" बाबा म्हणाले. "माझा गळा चाललाय तो चाललाय, घर तरी ठेवा."

फ्रिजवाल्याला एकाच गोष्टीची धास्ती असते, गळतीची. त्याने नळ्या जोडल्या, पंप बसवला, प्रत्येक जोडाखाली कोरा कागद ठेवला आणि दिवसभर नुसता पंप चालवून पाहिला. कागदाला डागही लागला नाही. मग त्याने पंपाला किती वीज लागते ते वाचलं. "वीसेक वॅट. एवढीशी!" हिशेब चोख होता. पंप चिमणीएवढंच खातो. माझ्या वयाकडे आणि धुळीकडे मात्र त्याने पाहिलंच नाही.

खरी गोम पुढे होती. पाणी आल्यावर प्रोसेसर तापेना, कार्ड तापेना, म्हणून कोणीच हळू होईना. दोघेही तासन्‌तास पोटभर मागत राहिले. माझी विश्रांती गेली, आणि ती होती हे कोणाला ठाऊकच नव्हतं. घरात शांतता पसरली, बाबांचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ उतरू लागला आणि सगळे पाण्याचे गोडवे गाऊ लागले. मी तापत होतो, पण पाणी माझ्यापर्यंत येत नव्हतं.

एके दिवशी मी बसलोच. जावयाने धावत येऊन नळ्या चाचपल्या.

"कुठेतरी ठिबकतंय."

"अरे, सगळं कोरडं आहे," लेक म्हणाली.

"मग पंप गेला."

त्याने पंप बदलला. तेवढ्या वेळात मी जरा निवलो आणि पुन्हा सुरू झालो. झालं, पंपाचा दोष सिद्ध झाला! दुसऱ्यांदा बसलो तेव्हा त्याने नळ्या बदलल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

आज संध्याकाळी बाबांना इस्पितळात दाखल व्हायचं आहे. जेवणानंतर ठरलेली वाक्यं संपली. लेक म्हणाली, "आता तुमच्या मनातलं काहीतरी बोला, बाबा."

"मनातलं? उद्यापासून तुझं यंत्र बोलेल आणि मी ऐकत बसेन. तुझ्या आईला हे बघायला मिळायला हवं होतं."

ती हसली नाही. बाबांनी घसा खाकरला आणि लिलावाचा सूर सोडून अगदी खाली उतरून म्हणाले, "चिमणे, तू हाक मारत जा. आवाज कुणाचाही असो, ओ मीच देतोय."

आणि माझा दम संपला.

लेकीने सगळी बटणं दाबून पाहिली. "बाबा, परत म्हणा ना. मी फोनवर घेते."

त्यांनी मान हलवली. "पहिली बोली खरी, पोरी. आता म्हटलं तर ते भाषण होईल." पुढे त्यांना खोकला आला आणि आवाज फुटेना.

जावई टेबलाखाली वाकला. सवयीने नळ्यांकडे गेलेला त्याचा हात माझ्या पाठीला लागला आणि झटक्यात मागे आला. "अगं, हा तर भाजतोय!" एवढंच तो म्हणाला. मग त्याने चपला घातल्या आणि दुकान गाठलं.

आता माझ्या जागी नवा, मोठा डबा बसला आहे. मी खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे. मित्रांनो, संगणकाला पाणी द्या, जरूर द्या. पण त्याआधी सगळ्यांना वीज वाढणारा कोण आहे ते पाहा. लेबलावरचा आकडा तरुणपणाचा असतो, म्हणून त्याचं वय विचारा. पंपाचा घास मोजता, तसा थंडावलेल्या प्रोसेसरचा आणि कार्डाचाही मोजा आणि वर थोडी शिल्लक ठेवा. जाळीवरची धूळ मोठ्यांकडून झाडून घ्या. आणि माझं झाकण कधी उघडू नका. मी बंद पडलो तरी माझ्या पोटात वीज दबा धरून असते.

संगणक पुन्हा सुरू झाला आहे. आवाज शिकणं राहिलं होतं तिथून पुढे चालू आहे. शेवटच्या वाक्याची फाइल अर्धवट दिसते. लेकीने ती दुरुस्तीला लावली आहे. वाक्य तिच्यात आहे का, मला माहीत नाही. मी वीज देत होतो, आठवणी ठेवणारा वेगळा.

दाराशी पिशवी भरून ठेवली आहे. रिक्षा खाली आली आहे. बाबा बूट घालून लेकीच्या खुर्चीमागे उभे आहेत. पडद्यावरची दुरुस्तीची पट्टी थोडी सरकते, थांबते. अर्ध्याच्या जरा पुढे गेली आहे.