काचेखालची गाणी

“इथे काहीच नाहीये,” वडील म्हणाले. त्यांचा अंगठा फोनच्या काचेवरून खालीवर फिरत होता.

“आहे, बाबा. जरा खाली. नाही, तुम्ही पार पलीकडे गेलात.”

“पलीकडे म्हणजे कुठे? मला तर सगळं अलीकडेच लागतंय.”

त्याने वडिलांचं बोट धरून नेमक्या जागी आणलं. ते टेकतंय न टेकतंय तोच पडद्यावर भलतंच काहीतरी उघडलं. त्याने ते बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बायको केव्हाच तिच्या शाळेत जाऊन पोचली होती. त्यालाही ऑफिसला उशीर झाला होता, पण घाई करायचंही त्राण उरलं नव्हतं.

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तो नव्या फोनांवर लिहायचा. ऑफिसात सगळे त्याला ‘फोनवाले’ म्हणत. खोक्यातून फोन यायचा, काही दिवस खिशात राहायचा, पुन्हा खोक्यात बसून परत जायचा. हातात छान बसतो, खिशाला परवडेल, फोटो बरे येतात. हे शब्द लिहून लिहून इतके गुळगुळीत झाले होते की मागच्या आठवड्यातला फोन कोणता, हे त्याला स्वतःचं लिखाण पाहिल्याशिवाय आठवत नसे.

हा फोन मात्र त्याने मुद्दाम घरी आणला होता. खास संगीतवेड्यांसाठी बनवलाय, असं कंपनीचं म्हणणं होतं. बटण म्हणून एकही नाही; कडेला एक बारीकशी कळ, तीही फक्त पडदा विझवायला. बाकी सगळी नुसती काच, आणि पडद्यावरचं बोलून दाखवायची सोयही नाही.

वडिलांनी उभी हयात रेडिओच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवण्यात घालवली होती. पुढे काचबिंदूने हळूहळू नजर नेली आणि हाताच्या थरथरीने व्हायोलिन. उरलं ते ऐकणं. त्यासाठी एक जुना टेपरेकॉर्डर होता. त्याची बटणं त्यांना घरातल्या माणसांसारखी ओळखीची होती. पण आता तो कॅसेट गिळायला लागला होता, आणि दुरुस्तीवाल्याने सुटे भाग मिळत नाहीत म्हणून हात वर केले होते. हा फोन जमला तर बाबांना एक घ्यायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

“काचबिंदूने डोळे घेतले,” वडील म्हणाले, “आता ही काच बोटंही घेणार म्हण की.”

“सवय होईल हो.”

“होईल, होईल. तू जा. उशीर होतोय तुला.”

आवाज चांगला होता, यात शंकाच नव्हती. आदल्या संध्याकाळी त्याने त्यावर एका व्हायोलिनवादनाचा तुकडा लावला होता. वडील मान खाली घालून, जराही न हलता ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “तारांवरचा गज वळवताना वाजवणारा श्वास घेतो. ऐकलंस? टेपवर हे कधी ऐकू आलं नव्हतं.” कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपणहून कशाबद्दल तरी काही सांगितलं होतं.

म्हणून निघताना त्याने तोच तुकडा लावून दिला. “थांबवायचं असेल तर खाली, मधोमध,” असं पुन्हा एकदा बजावलं आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी तो परतला तेव्हा घरात कुठेतरी दबक्या आवाजात धमधम चालली होती. कंपनीने नमुन्यादाखल फोनमध्ये भरून दिलेलं एक नाचाचं गाणं होतं ते. वडील स्वयंपाकघरात, दार लावून खिडकीशी बसले होते. सुनेने झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.

“फोन कुठाय, बाबा?”

“कपाटात. माझ्या स्वेटरांच्या मागे.”

टॉवेलमध्ये गुंडाळलेला, वर दोन स्वेटर दाबून बसवलेला फोन गातच होता. त्याने बोट टेकवलं. गाणं थांबलं. इतकं सोपं होतं ते, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

“कधीपासून चाललंय हे?”

“तू गेलास, त्यानंतर थोड्या वेळाने. मला आपलं तेच पुन्हा ऐकायचं होतं. बोट लावलं तर हे सुरू झालं. संपलं की पुन्हा तेच. खाली लावून पाहिलं, मधोमध लावून पाहिलं. ती कडेची कळही दाबली. भलतीकडे बोट लागलं की आणखी मोठ्याने.”

“शेजारच्या काकूंना हाक मारायचीत.”

“काय सांगू त्यांना? जन्म वाजवण्यात गेला, आता गाणं थांबवता येत नाही, जरा येता का?” वडिलांनी मान हलवली. मग म्हणाले, “बॅटरी मात्र दमदार आहे. तेवढं लिही.”

बायको शाळेतली बैठक आटोपून उशिरा आली. झाकलेलं ताट आणि या दोघांचे चेहरे तिने पाहिले. काही न विचारता तिने भाजी गरम करायला ठेवली.

त्याने परीक्षण लिहिलं. आवाजाची मनापासून स्तुती केली, बॅटरीचीही केली. आणि मग लिहिलं: ‘ज्याला दिसत नाही त्याने या फोनवर गाणं लावलं, तर त्याला ते थांबवता येणार नाही. संगीतप्रेमी माणूस डोळ्यांनी ऐकतो, असं कंपनीने धरलेलं दिसतं.’ बऱ्याच वर्षांनी एखादं वाक्य लिहिताना त्याला ते आपलं वाटलं होतं.

“चांगलं झालंय,” पुरवणीच्या संपादकबाई म्हणाल्या. “फक्त ही दोन वाक्यं काढू या.”

“का?”

“पानाला जागा नाहीये. आणि अशी माणसं असणार किती? ती पेपर थोडीच वाचतात?”

“वाचून घेतात.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या वाईट नव्हत्या. त्याही सकाळपासून त्याच खुर्चीत बसलेल्या होत्या. “तुझ्या घरचं आहे का हे?”

“वडिलांचं.”

“मग त्यावर वेगळं लिही ना कधीतरी. सविस्तर. इथे ते उपरं वाटतं.”

“निदान एक वाक्य ठेवा.”

“बघते.”

त्यांचं ‘बघते’ त्याला पाठ होतं. जागेवर येऊन त्याने काचेवरचे बोटांचे ठसे रुमालाने पुसले, फोन खोक्यात बसवला आणि कुरिअरवाल्याच्या हवाली केला.

रविवारी सकाळी वडिलांनी चहा समोर येताच विचारलं, “आलंय का तुझं? वाच.”

तो वाचायला लागला. आवाजाचं झालं, बॅटरीचं झालं. तिथे वडील किंचित हसले. पुढे किंमत आली तसा त्यांनी हात वर केला.

“थांब. इथे जोड आहे.”

“कसली जोड?”

“रेडिओवर आम्ही टेप कापून चिकटवायचो. कितीही सफाईने चिकटवा, त्या जागी श्वास चुकायचा. तुझा आत्ता चुकला. काय होतं मध्ये?”

त्याने पेपर मांडीवर ठेवला. ती दोन वाक्यं त्याला तोंडपाठ होती. त्याने ती म्हटली. बायको हातातलं काम तसंच ठेवून दारात उभी राहिली होती.

“डोळ्यांनी ऐकतो,” वडील स्वतःशीच म्हणाले. “बरं लिहिलं होतंस.”

“छापलं नाही त्यांनी.”

“ते ऐकू आलंच.” त्यांनी नीट टेकून बसत पाय पसरले. “पुढचं वाच. असं मध्येच सोडू नये.”

पुढे फार काही उरलं नव्हतं. त्याने पेपर उचलला. “हा फोन तीन रंगांत मिळतो. काळा, पांढरा आणि लाल.”

“लाल कसा आहे?”

त्याने चित्राकडे पाहिलं. “गडद आहे. डाळिंबासारखा.”

“सालीसारखा की दाण्यासारखा?”

त्याने पान उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

“दाण्यासारखा.”

“मग छान दिसत असेल,” वडील म्हणाले, आणि हाताने चाचपत त्यांनी गार झालेल्या चहाचा कप उचलला.