बरोबर पडणं

रुचिकाने निंबाच्या फांदीला टांगलेला आडवा बार उजव्या हाताने सोडला, डाव्याने पाठीमागे नेला, उजव्याने शोधला, तो सापडला नाही आणि ती कापसात पडली.

"डावीकडे पड ना वं जरा," ओट्यावरून सासूबाई छबूबाई म्हणाल्या. "उजवीकडला कापूस पुरा बठी गया."

भाव येईपर्यंत घरात ठेवलेला कापूस अंगणात निंबाखाली आणून ओतला होता. कापसावर पडलं तर हाड मोडत नाही, हे नवऱ्याचं, नवनीतचं म्हणणं. सासरे दोधू यांचं म्हणणं होतं की गादीवर पडलं तरी मोडत नाही. पण गादी एकच होती आणि तिच्यावर ते स्वतः बसलेले असत. मागच्या आठवड्यात महावीर शेठ माल बघायला आले. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तर त्यात केसांची क्लिप होती.

"दोधूभाऊ, वाण कोणता हा? बियाण्याबरोबर देतात का?"

त्या दिवसापासून रुचिका केसांना रबर लावत होती. शेठ पुन्हा फिरकले नव्हते.

"परत," नवनीत म्हणाला. तो खुर्चीवर बसला होता. तिच्याकडे बघायचं तर त्याला खुर्चीसकट वळावं लागे. अपघाताला वर्ष झालं होतं, पण मान अजून फिरत नव्हती. रस्त्यात कोणी हाक मारली की तो कपाट सरकवल्यासारखा सगळा वळायचा. त्यामुळे गावात नवन्याला गर्व झालाय असं एक मत होतं, आणि ते खोडून काढण्यापेक्षा त्याला ते बरं वाटत होतं.

लग्नाआधी तो दक्षिणेकडे समुद्रावर पतंगाच्या शाळेत कामाला होता. म्हणजे पायाला फळी बांधायची, कमरेच्या पट्ट्याच्या हुकात पतंगाचा बार अडकवायचा, आणि खोलीएवढा पतंग ओढेल तसं पाण्यावर पळायचं, उडायचं. येताना त्याने दोन जुने पतंग आणले. तापीवर बंधारा झाल्यापासून गावाखाली पाणी बारमाही तुंबलेलं, आणि मे महिन्यात दुपारनंतर गुजरातेकडून वारा असा येतो की वाळत घातलेली चादर शेजारच्या गावात ओळखावी लागते. रुचिका कॉलेजात कबड्डी खेळलेली. नवनीतने तिला उभं राहायला शिकवलं, वळायला, उडायला, उलटी कोलांटी मारायला. त्याला येत होतं ते सगळं शिकवलं. मग एकच गोष्ट उरली, आणि ती त्यालाही आली नव्हती.

उडायच्या आधी बार हुकातून काढायचा. आता पतंग फक्त हातात. हवेत असताना एका हाताने बार पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातात घ्यायचा आणि पाण्यावर उतरायचं. चुकलं तर एकच नियम होता. बार सोडून द्यायचा. हात सुटला की पतंग मेल्यासारखा खाली पडतो आणि माणूस वाचतो. नवनीत हे शाळेत शेकडो लोकांना सांगत आला होता. गेल्या वर्षी त्याचं चुकलं तेव्हा त्याची बोटं उघडली नाहीत. पतंगाने त्याला उचलून मानेवर आपटलं. सुरतच्या डॉक्टरने विचारलं, "सोडला का नाही?" नवनीतच्या गल्लीत संक्रांतीला हातातला दोर सोडणाऱ्या पोराला उन्हाळ्यापर्यंत तोंड दाखवायची सोय नसे. हे डॉक्टरला कसं सांगायचं?

रुचिकाला गच्चीवर कधी कोणी पतंग दिला नव्हता. भाऊ उडवायचे, ती मागे फिरकी धरून उभी. ढील म्हटलं की सोडायचं, एवढंच काम. त्यामुळे सोडायला तिचा हात क्षणभरही अडत नसे. हे नवनीतच्या लक्षात आलं होतं आणि त्याने ते एकदाच, तेही जेवताना, भाकरीकडे बघत म्हटलं होतं.

तेव्हापासून पायऱ्या वाढत चालल्या. आधी निंब, मग कापूस. मग फळीशिवाय पाण्यात. मग हेल्मेट घालून पुन्हा निंब. एक पायरी झाली की नवनीत रात्रीतून दुसरी शोधून काढी. खांदा आधी भक्कम पाहिजे. मग मनगट. परवा तो म्हणाला, आधी श्वास. दोधूंना हे सगळं पटत होतं. त्यांच्या मते या गतीने काम चाललं तर कोणालाच काही होणार नाही.

त्या दुपारी वारा लागला तशी सगळी मंडळी नदीवर गेली. दोधू छत्री घेऊन, छबूबाई पाण्याचा हंडा घेऊन. नदीला पाणी असतं, हे त्यांना कोणी सांगत नसे.

"फक्त या काठापासून त्या काठापर्यंत," नवनीत म्हणाला. "उडी मारू नको. आज वारा झटक्यांचा शे."

"हा," रुचिका म्हणाली. काठावर ती त्याला अहो म्हणायची. पाण्यात नवनीत आणि तू. संकटात 'अहो, ऐकता का' म्हणत बसायला वेळ नसतो, असं त्यानेच ठरवलं होतं. छबूबाईंना ते अजून पचलेलं नव्हतं.

पलीकडच्या काठाला नदी वळते. तिथे बाभळींची रांग पाण्यात शिरलेली आहे. रांगेमागे गेलं की गावाकडून वरचा पतंग दिसतो, माणूस दिसत नाही. रुचिका तिकडे वळली तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं, किंवा असलं तरी तिने त्याच्याकडे बघितलं नव्हतं. वारा तिथे एकसारखा होता. झटका एकही नव्हता. तिने हुक काढला.

आधी पायाखालचं पाणी गेलं. मग उजव्या हाताने पाठीमागे चाचपडलं आणि तिथे बार होता. असा, ठेवल्यासारखा. फळी पाण्यावर थडकली, गुडघे दुमडले, आणि ती उभी होती.

टायरच्या ट्यूबवर बसून गावचा जान्या जाळं ओढत होता. त्याने मान वर केली.

"बाई, लागनं का?"

"नही. जमनं!"

"बरं. पन लागनं नही ना?"

तिने परत केलं. परत जमलं. जान्याने परत विचारलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, जाळं गुंडाळून तो थोडा लांब सरकला. अशा बाईच्या जवळ मासे येणार नाहीत, असा त्याचा चेहरा होता.

रुचिकाला मोठ्याने ओरडायचं होतं. ती ओरडली नाही. परत येताना पाणी तेच होतं, काठ तोच, काठावर छत्री आणि छत्रीच्या पुढे आखडलेल्या मानेने उभा नवनीत. तो गुडघाभर पाण्यात आला होता. हात स्वतःच्या मानेवर ठेवून तो तिची वाट बघत होता. काय सांगायचं, हे तिने बाभळींपासून इथवर तीनदा जुळवलं. तिन्ही वेळा वाक्याच्या शेवटी त्याचा चेहरा पडत होता.

ती जवळून गेली तसा तो ओरडला, "रुचिका! वारा आते बरा शे. आज करी टाक!"

इतक्या महिन्यांत त्याने हे पहिल्यांदा म्हटलं. म्हणायला त्याला किती जड गेलं असेल, ते त्याच्या आवाजात ऐकू येत होतं.

"हुक काढ! नही जमनं ते सोडी दे! इच्यार करू नको!"

ती वळली, वेग घेतला, हुक काढला. उडी मघापेक्षा उंच गेली. वरून तिला तो दिसला. मानेवरचा हात आता गळ्याशी आला होता आणि तोंड उघडं. डावा हात मागे गेला. उजव्या बोटांना बार लागला. लागला, हे तिला नक्की कळलं.

तिने दोन्ही हात सोडून दिले.

पतंग पाण्यावर बसला. ती कुशीवर पडली, खाली गेली, वर आली, तोंडातलं पाणी थुंकलं. काठावर दोधू म्हणाले, "चला, घरी जाऊ आते." नवनीत छातीभर पाण्यातून तिच्याकडे येत होता आणि हसत होता. वर्षभरात ती विसरलीच होती की त्याच्या खालच्या ओठाला हसताना बाक येतो.

"काही नही, काही नही! एकदम जवय गयेल व्हतीस. तुनी बार लवकर सोडी दिधा बस." तो बोलत सुटला. कोपर कुठे होतं, कंबर कुठे पाहिजे, पतंग कुठल्या उंचीवर. ती मान हलवत ऐकत होती. त्याचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं.

"थांब," तो म्हणाला. "मी दखाडस."

त्याने तिचा पट्टा सोडवला तेव्हा तिला वाटलं, तो पट्टा बघतोय. मग त्याने तो स्वतःच्या कमरेला आवळला.

"नवन्या," काठावरून छबूबाईंचा आवाज आला. "डाक्टरनी काय सांगेल शे?"

"उडी मारत नही, माय. उभा ऱ्हाईसन दखाडस. फक्त हात."

पतंग हवेत असताना फक्त हात दाखवून थांबलेला माणूस त्या घरात कोणी पाहिला नव्हता. छबूबाईंनी दोधूंकडे बघितलं. दोधूंनी छत्री मिटली, पुन्हा उघडली.

रुचिका पतंगाशी गेली आणि तो काठाच्या वाळूवर ओढून उभा धरून राहिली. पतंग उडवायचा तर एकाने असा धरावा लागतो. पट्टा घातलेला माणूस दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, त्याने अंगठा दाखवला की सोडायचं. बाकी काही करायचं नसतं. वाऱ्याने पतंगाचं कापड फडफडत होतं.

नवनीतने अंगठा वर केला.

तो घाबरलेला होता, हे एवढ्या लांबूनही दिसत होतं. अंगठा मात्र सरळ.

ती सोडत नाही असं बघून त्याने तो आणखी उंच धरला. तिने तोंड उघडलं. वाऱ्याने तिचे शब्द तिच्याच केसांत घातले. हे हाताने कसं सांगायचं, याची खूण त्यांनी ठरवलेली नव्हती. उतरव, थांब, सोड, एवढ्याच खुणा होत्या.

तिने पतंग तोंडावर पालथा घातला, ओंजळीने त्यावर ओली वाळू टाकली आणि दोऱ्यांच्या कडेने चालत ती त्याच्याकडे निघाली.

"काय व्हयनं?" तो म्हणाला.

"माले जमनं," ती म्हणाली. "मघाशी. तठे, बाभळींमागे."

त्याने अंगठा खाली घेतला. मग सगळा वळून त्याने पलीकडच्या काठाकडे बघितलं, जणू ते अजून तिथे दिसेल.

"एकच येळ?"

"नही."

पाणी त्यांच्या मांड्यांवर आपटत राहिलं. काठावरून दोधू काहीतरी विचारत होते, जमनं का नही असं काहीतरी.

"मंग आठे कसाले पडनी?"

तो पट्ट्याचं बक्कल उघडायचा प्रयत्न करत होता. बोटं ओली होती, सरकत होती. तिने हात पुढे केला. त्याने तो बाजूला केला आणि बक्कल स्वतःच उघडलं. वेळ लागला.

"पडनी मातर बरोबर," तो शेवटी म्हणाला. "खांदा आत. मान आत. तसंच पडाले पाहिजे."

पट्टा त्याने तिच्या हातात दिला.

"आते कर. मन्हासमोर."

आणि तो पतंगाकडे चालू लागला, खांद्यांपासून वर जराही न हलता. तिने पट्टा बांधला, बार हुकात अडकवला, फळी पायाशी घेतली. त्याने वाळू झटकून पतंग उभा केला. तिने अंगठा वर केला.

नवनीतने पतंगाला बांधलेली पहिली दोरी बोटांनी चाचपून पाहिली, गाठ ओढली. मग दुसरी. मग पुढची. सगळ्या झाल्या. त्याने डोळे वर करून तिच्याकडे, अजून वरच असलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

मग त्याने पुन्हा पहिली दोरी हातात घेतली.