आट्यांपासून जरा मागे

"रंभे, गोळी नळीतल्या आट्यांक टेकवू नको. जराशी मागे ठेव. पोराक घास भरवताना गळ्यात बोट घालतंस काय?"

बहरीनमधल्या अरादच्या त्या घरात, हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या रंभेला बाबांचा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटला. कुडाळकडे रानडुकरं भाताची नासाडी करायची, म्हणून बाबांकडे परवान्याची रायफल होती. काडतुसं ते घरीच भरत. पोरीची नजर बारीक, म्हणून तिला शेजारी बसवून घेत. पुढे रंभेने मांसमच्छी सोडली, वारांची व्रतं धरली. पण डोळ्यांना एकदा कळलेलं डोळे थोडेच विसरतात?

समोर पडवीत जमालुद्दीनचाचा हाताच्या दाबयंत्रावर काडतुसं भरत बसले होते. रंभेचा नवरा गुंडू त्यांची गाडी चालवायचा. दोघांची खोली घराच्या मागेच होती. तरुणपणी चाचांनी मुंबईत मोती विकले, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी त्यांना येई. दर थंडीत ते समुद्रापलीकडे इराणच्या डोंगरांत रानबोकड मारायला जात. उद्याचं विमान होतं.

टेबलावर तयार काडतुसांची रांग होती. कडेला गेल्या सालचं एक उरलेलं. रंभेची नजर एकावरून दुसऱ्यावर गेली आणि तिने ट्रे खाली ठेवला. दोन्हींची लांबी सारखी होती. पण जुनी गोळी गाजरासारखी निमुळती, तर या खेपेच्या गोळ्या वांग्यासारख्या खांद्यात भरलेल्या. तिने दोन्ही उचलून चाचांपुढे धरली आणि नव्या गोळीच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"काय झाला?" चाचा म्हणाले. "मी मोजला. गेल्या साली जेवढा लांब, तेवढाच लांब."

रंभेने नाही अशी मान हलवली.

"अरे, तोंडाने बोल ना."

"चाचा, आज सोमवार," गाडी पुसता पुसता गुंडू म्हणाला. "दुपारी जेवेपर्यंत तिचं मौन असतं. आठवड्यातला माझा एवढाच सुखाचा वेळ."

रंभेने त्याच्याकडे बघितलं. तो मुकाट्याने गाडी पुसू लागला.

मग तिने एक रिकामी पितळी पुंगळी घेतली. दारू नाही, काही नाही. खुणेने चाचांकडून तिच्यात तेवढ्याच लांबीवर गोळी बसवून घेतली. मागे तिच्या खोलीत देवापुढची समई मंद तेवत होती. तिच्या ज्योतीवर वाटी धरून काजळी धरली आणि आणून गोळीला फासली. चाचांनी ते रिकामं काडतूस रायफलीत सरकवलं, बोल्ट बंद केला, उघडला. काळ्या गोळीवर खांद्याभोवती चकचकीत ओरखडे उठले होते. नळीतल्या आट्यांनी काजळी खरवडली होती.

चाचांनी गोळी उजेडात धरून फिरवली.

आत गोळी थोडी ढकलायची, पुन्हा काजळी, पुन्हा रायफल. ओरखडे बारीक झाले, मग गेले. रंभेने बोटांनी चिमटीएवढं दाखवलं: अजून किंचित. चाचा आणखी ढकलू लागले तशी तिने हात आडवा धरला. फार आत गेली तर दारूची घुसमट होते, हेही बाबांचंच.

"हां, समजला," चाचा म्हणाले. मग रांगेकडे पाहून त्यांचा चेहरा पडला. "पण हे सगळे परत दाबायचे? बाब अल बहरीनच्या बाजारात दोस्त लोक वाट बघतात. एवढी वर्षं मारली मी. चालेल, इंशाल्ला."

त्यांची बायको बिल्किस दारात येऊन उभी राहिली होती. ओढणीचं टोक ती बोटाला घट्ट गुंडाळत राहिली.

रंभा मागे खोलीत गेली. मौन सोडायच्या वेळेआधीच देवापुढे हात जोडले, चूक पदरात घे म्हणाली, तीर्थ घेतलं आणि बाहेर आली.

"चाचा, तुम्ही बोकड मारता ते मला आवडत नाही, ठाऊक आहे ना?"

"दर साली बोलते तू."

"पण गोळी अडून दाब वाढला, काही फुटलं-बिटलं, तर रायफलीला गाल लावलेला असतो तो तुमचा. बोकडाचा नाही. शब्द द्या. यातलं एकही असंच नेणार नाही."

"इंशाल्ला."

"इंशाल्ला नको. हो म्हणा."

बिल्किस फिसकन हसली. "हिने तुम्हाला बरोबर ओळखलंय," ती हिंदीत म्हणाली. "मला निकाहापासून जमलं नाही ते."

"माझ्या घरात बायका सगळ्या पोलीस," चाचा पुटपुटले. मग म्हणाले, "बरा. हो."

"मी पण मदत करू?" रंभेने विचारलं.

"नको. तुझा हात याला आणखी नको लागायला. तू जा, फराळ कर."

ती खोलीकडे वळली तेव्हा गुंडू गाडीची किल्ली घेऊन पडवीत आला. "चाचा, निघायचं ना बाजारात? यल्ला?"

चाचांनी डोक्यावरचा रुमाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, चष्मा पुसला आणि रांगेतलं पहिलं काडतूस उचललं.

"तू जा. दोस्तांना सांग, जमालला काम आहे," ते म्हणाले, आणि काडतूस अलगद यंत्राखाली ठेवलं.