सत्तावीस रिबिटं

"गाडी करताय का यष्टी?" गोजरबाईने चहाचा कप जोत्यावर ठेवत नवऱ्याला विचारलं.

रामकिसन गाडीखाली उताणा पडला होता. ओठांत पत्रा जोडायची दोन रिबिटं धरलेली. त्याने हातोडीचे तीन ठोके जोरात मारले, चौथा हलकाच, रिबिटाचं डोकं नीट बसलं का ते अंगठ्याने चाचपलं आणि मगच तो सरपटत बाहेर आला.

"यष्टीच म्हण. यष्टी कधी रस्त्यात सुटून पडली का?"

"खुळखुळ तर लई करती."

"त्या काचा वाजत्यात. पत्रा नाय वाजत."

पत्र्याबद्दल रामकिसनशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. चौतीस वर्षं त्याने एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसची बॉडी बांधली होती. निवृत्त होऊनही पाच वर्षं झाली, तरी बसमध्ये चढताना तो आधी पत्र्यावर टिचकी मारायचा आणि मग कंडक्टरकडे तिकीट मागायचा.

अंगणातली ही छोटी पांढरी गाडी त्याच्या मुलीची, प्रेरणाची. ती पाचोडच्या सरकारी दवाखान्यात नर्स. रोज मुकुंदवाडीहून पाचोड, पाचोडहून मुकुंदवाडी. दिवाळीनंतर एका संध्याकाळी आडूळजवळच्या धाब्यातून उसाची ट्रॉली मागे न बघता रिव्हर्स आली आणि गाडीची डावी बाजू पार आत गेली. प्रेरणाचं मनगट तेवढं मोडलं. ते दीड महिन्यात जुळलं, पण स्टिअरिंगला तिने पुन्हा हात लावला नाही. पहाटेची बस धरायची आणि रात्री दमून यायची.

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणाऱ्या मुख्तारने गाडीभोवती एक चक्कर मारून निकाल दिला होता. "रामकिसनभाऊ, भंगारमें डालो. ऊपरसे पंधरा साल पूरे होनेकू आये. फिरसे पासिंग कौन देता इसकू?"

त्याचंही खोटं नव्हतं. पंधरा वर्षांची नोंदणी मार्चमध्ये संपणार होती. पुन्हा नोंदणी करायची तर आरटीओच्या साहेबापुढे गाडी उभी करून पास करून घ्यावी लागणार होती. पण मुख्तारचं बोलणं रामकिसनला लागलं नाही. लागलं ते प्रेरणाचं.

"अण्णा, तुम्ही बसचं काम केलंय. कारचं येगळं असतं," ती शांतपणे म्हणाली होती. "तुम्ही हौस म्हणून करा. मी नाय बसायची त्यात."

रागाने म्हणाली असती तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, म्हणून ते काट्यासारखं रुतून बसलं.

मग अडीच महिने अंगणात ठाकठोक चालली. भंगारबाजारातून दार आणलं. दाराखालचा चेपलेला पत्रा कापून काढला आणि नवा घातला. बसची बॉडी काटकोनात आहे का हे बघायला वर्कशॉपमध्ये या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणत, तशीच त्याने इथेही ताणली. पातळ पत्र्याला गॅसचं वेल्डिंग केलं की तो वेडावाकडा होतो, म्हणून नवा पत्रा रिबिटांनी जोडला. एका रेषेत सत्तावीस रिबिटं. गल्लीतली पोरंसोरं येता-जाता विचारायची, "काका, पाचोडला किती तिकीट?"

रंग मारायला मुख्तार स्वतःहून आला. सुतळी धरून त्याने गाडी मापली आणि म्हणाला, "सीधी तो है, मानना पडेगा. लेकिन ये रिबिटां पुटिंग भरके छुपा देता मैं."

"झाकायला ते काय पाप हाय?" रामकिसन म्हणाला.

पासिंगच्या दिवशी गाडी रामकिसनने नेली. कागद प्रेरणाच्या नावावर, म्हणून ती ड्यूटीवरून परस्पर बसने आली. साहेब तरुण होता, पण कामाला चोख. त्याने चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतली. दिवे, हॉर्न, वायपर पाहिले. मग डाव्या बाजूला आला आणि खाली बसला.

"हे काय, काका?"

"रिबिटं, साहेब."

"गॅरेज कुठलं?"

"घरीच केलं. अंगणात."

साहेब उठला. "रिबिटं बसच्या बॉडीला असतात. उद्या काही झालं तर पासिंगवर सही माझी आहे. चांगल्या गॅरेजमधून काम करून घ्या, बिल आणा, मग बघू."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. रामकिसनच्या तोंडचं पाणी पळालं. आपण बांधलेल्या शेकडो गाड्या राज्यभर धावल्या, हे सांगावंसं त्याला फार वाटलं, पण शब्दांचं काम त्याला कधीच जमलं नव्हतं. तो फडक्याने स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागला.

प्रेरणाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती खाली वाकली आणि त्या रेषेवरून बोट फिरवत गेली, पहिल्या रिबिटापासून शेवटच्यापर्यंत. अंतर सगळीकडे सारखं होतं.

"साहेब, ब्रेकची टेस्ट राहिली ना?"

"राहिली, पण..."

"मग बसा. डावीकडंच बसा. मी चालवते."

किल्ली फिरवण्याआधी तिने मोडून जुळलेलं मनगट एकदा चोळलं, ते रामकिसनला बाहेरून दिसलं. गाडी मैदानाला वळसा घालून गेली, गतिरोधकावरून उडाली, वेग घेऊन सरळ आली आणि प्रेरणाने करकचून ब्रेक दाबला. गाडी तसूभरही तिरकी न होता थांबली. रामकिसन कान देऊन उभा होता. टायर किंचाळले, पण पत्रा बोलला नाही.

साहेब उतरला. दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग दाराखालच्या पत्र्यावर दोन्ही पाय ठेवून, सगळं वजन टाकून, चांगलं हिंदकळवून पाहिलं.

"दुरुस्तीबद्दल एका कागदावर लिहून द्या," तो म्हणाला, "बिल नाही तर नाही."

प्रेरणाने बॉनेटवर कागद ठेवून तिथेच लिहिलं: 'सदर वाहनाची दुरुस्ती माझे वडील रामकिसन यांनी घरी केली आहे. हे वाहन मी रोज वापरणार आहे.' खाली झोकात सही केली. रामकिसनने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. त्याचा ऊर भरून आला. निवृत्तीच्या दिवशी नारळ हातात घेतानासुद्धा इतका भरला नव्हता.

गाडी पास झाली. प्रेरणाने दार उघडलं. "अण्णा, बसा."

"तू हो पुढं. मी येतो मागून."

"काहून?"

आयुष्यभर त्याने स्वतः बांधलेल्या गाड्या उभ्याच पाहिल्या होत्या. तयार झाली की ड्रायव्हर यायचा आणि घेऊन जायचा. पुढे ती कुठल्या गावाला लागली, तिच्यात कोण बसलं, हे बॉडी बांधणाऱ्याला कुणी सांगत नसे.

"रस्त्यावर चालताना बघू दे जरा," तो म्हणाला.

प्रेरणाने दार ओढून लावलं. तिने गिअर टाकला. गाडी गेटमधून बाहेर पडली आणि उजवीकडचा दिवा दाखवून स्टेशन रोडच्या गर्दीत शिरली. रामकिसन रस्त्याच्या कडेला टाचा उंचावून उभा राहिला.

"काका, तुमची गाडी तर गेली की तुम्हाला सोडून," गेटवरचा वॉचमन म्हणाला.

"व्हय, गेली," रामकिसन म्हणाला. "बघितली का तुम्ही, कशी गेली?"